पैसा नेमका कोणापर्यंत पोचला? ओकलँडच्या हिंसाचार-प्रतिबंध कराची वीस वर्षं

कॅलिफोर्नियातलं ओकलँड हे सव्वाचार-साडेचार लाख वस्तीचं शहर. 2012 साली तिथे सव्वाशेच्या आसपास खून झाले, बहुतेक बंदुकीने. 2018 पर्यंत हा आकडा सत्तरच्या जवळपास उतरला. 2021 मध्ये तो पुन्हा 120 च्या वर गेला, 2023 पर्यंत तिथेच अडकून राहिला आणि 2024 च्या एका वर्षात साधारण एक तृतीयांशाने खाली आला. 2012 पासूनच्या या सगळ्या वर्षांत हिंसाचार कमी करण्यासाठीचा खास कर ओकलँडकर भरतच होते. म्हणजे पैसा होता. तो कोणावर खर्च होतो, हे मात्र बदलत गेलं. गोळीबार रोखण्यासाठी सरकारी निधी आखणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण बारकाईने पाहावं, ते याच कारणासाठी.

एक खुलासा आधीच केलेला बरा. 2020 मध्ये खून साऱ्या अमेरिकेत वाढले, जवळपास 30 टक्क्यांनी. आणि 2024 मध्ये ते देशभर उतरलेसुद्धा. त्यामुळे ओकलँडच्या चढउताराचं सगळं श्रेय किंवा सगळा दोष शहराच्या माथी मारता येत नाही. तरीही शहराचं स्वतःचं असं जे घडलं-बिघडलं, ते पुरेसं मोठं आहे.

कर कसा बांधला होता

कॅलिफोर्नियात 1978 च्या प्रपोझिशन 13 या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यापासून मालमत्ता कराचा मूळ दर मालमत्तेच्या नोंदलेल्या किमतीच्या 1 टक्क्यावर बांधलेला आहे. शहराला जादा पैसा हवा असला, तर घराच्या किमतीवरचा हा दर वाढवायची सोय नाही. मग उरतो पार्सल टॅक्स: घराची किंमत काहीही असो, भूखंडामागे ठरलेली ठोक रक्कम. कौन्सिलने, म्हणजे शहराच्या निवडून आलेल्या सभेने मांडलेल्या अशा कराला दोन तृतीयांश मतं लागतात. एवढी मतं मिळवायची तर प्रस्तावात प्रत्येकासाठी काहीतरी ठेवावं लागतं. पोलीस हवेत म्हणणाऱ्यांसाठी पोलीस, तरुणांसाठी कार्यक्रम हवेत म्हणणाऱ्यांसाठी कार्यक्रम, शिवाय अग्निशमन दल. हिंसाचार-प्रतिबंधाचा पैसा पुढे फाटे फुटून वाहतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा मतपेटीतल्या या गणितात असतं.

नोव्हेंबर 2004 मध्ये मंजूर झालेल्या मेजर वायमध्ये (मेजर म्हणजे मतदारांपुढे मांडलेला प्रस्ताव, वाय हे त्याचं अक्षर) एका कुटुंबाच्या घराला वर्षाला 88 डॉलर आणि व्यावसायिक पार्किंगवर 8.5 टक्के अधिभार होता. त्यातून 63 जादा पोलीस, अग्निशमन दलाला 40 लाख डॉलर आणि उरलेल्यातून प्रतिबंधाचे कार्यक्रम. सोबत एक अट होती: शहराने पोलिसांची ठरावीक संख्या स्वतःच्या सर्वसाधारण निधीतून राखली, तरच हा कर वसूल करता येईल.

अटीमागचा हेतू रास्त होता. नवा कर आला म्हणून शहराने जुनी तरतूद गुपचूप काढून घेऊ नये, एका खिशात घालून दुसऱ्यातून काढू नये, एवढंच त्यात अभिप्रेत होतं. पण मंदीनंतर अंदाजपत्रक कोसळलं आणि जुलै 2010 मध्ये शहराने 80 पोलिसांना कमी केलं. संख्या अटीच्या खाली गेली आणि कर वसुलीच अडली. नोव्हेंबर 2010 मध्ये मेजर बीबी मांडून, मतदारांकडून ती अट तात्पुरती बाजूला करून घ्यावी लागली, तेव्हा कुठे पैसा पुन्हा सुरू झाला. कपात पोलिसांत झाली, आणि गंडांतर आलं रस्त्यावर उतरून टोळ्यांतल्या मुलांशी बोलणाऱ्या संस्थांवर. राखणीची अट घालायची असेल तर ती ज्या कामासाठी कर आहे त्याच्या खर्चाला घालावी. दुसऱ्या खात्याच्या माणसांच्या मोजणीला बांधली, की त्या खात्याचं संकट थेट या कामावर कोसळतं.

2014 चा मेजर झेड दहा वर्षांसाठी होता. अट गेली नाही. 678 पोलीस हा नवा आकडा आला. वाटणीचं सूत्र मात्र सुटसुटीत झालं. आधी 3 टक्के हिशेबतपासणी, मूल्यमापन आणि प्रशासनाला. मग 20 लाख डॉलर अग्निशमन दलाला. राहिलेल्यातले 60 टक्के पोलिसांना आणि 40 टक्के समाजातल्या प्रतिबंधाच्या कामाला. समजा एका वर्षी अडीच कोटी डॉलर जमले. 7.5 लाख बाजूला काढले, 2 कोटी 42.5 लाख उरले. त्यातून 20 लाख वजा, राहिले 2 कोटी 22.5 लाख. पोलिसांना 1 कोटी 33.5 लाख आणि प्रतिबंधाला 89 लाख. म्हणजे हिंसाचार-प्रतिबंध म्हणून गोळा केलेल्या दर 100 डॉलरमधले पस्तीस-छत्तीस डॉलरच पोलीस नसलेल्या माणसांपर्यंत येतात. कुठल्याही निधीची घोषणा वाचताना हे गणित आधी मांडून बघावं. घोषणेतला आकडा आणि रस्त्यावर पोचणारा आकडा यांत एवढं अंतर पडणं नेहमीचं आहे.

मेजर झेडच्या उद्देशांचीही एक अडचण होती. खून आणि बंदुकीचा हिंसाचार कमी करणं, हे तर होतंच. त्याच यादीत जबरी चोऱ्या, घरफोड्या आणि 911 या आपत्कालीन क्रमांकावरच्या फोनला प्रतिसाद देण्याचा वेळही होता. यांतलं प्रत्येक काम गरजेचं आहे, वाद नाही. पण कायद्यात चार कामं एका ओळीत बसली, की खर्च करणाऱ्याला त्यांतलं सोपं काम निवडायची मुभा मिळते.

थोडे लोक, नावानिशी

पैशाचा हा प्रवाह जाग्यावर आणला तो सीजफायरने, म्हणजे सर्वाधिक जोखमीच्या मोजक्या माणसांना गाठून गोळीबार रोखण्याच्या पद्धतीने. तिचा उगम 1996 च्या बॉस्टनमधला. ओकलँडनेही आधी ती करून पाहिली होती, पण काम टिकलं नव्हतं. 2012 च्या शरद ऋतूत ती नव्याने उभी राहिली. चर्चच्या आणि वस्तीतल्या संघटनांनी शहरामागे लावलेला तगादा त्यामागे होता.

पहिलं काम पैशाचं नव्हतं, मोजणीचं होतं. जानेवारी 2012 ते जून 2013 मधल्या प्रत्येक खुनाची फाईल उघडून तपासी अधिकारी, प्रोबेशन अधिकारी आणि विश्लेषक एकत्र बसले. मेलेला कोण, मारणारा कोण, दोघांची टोळी कोणती, भांडण कशावरून? निष्कर्ष असा निघाला की शहरात पन्नासच्या आसपास हिंसक गट आहेत, त्यांत मिळून हजार ते बाराशे माणसं आहेत आणि बहुतांश खून याच वर्तुळात घडतात. हे प्रमाण शहराच्या लोकसंख्येच्या 0.3 टक्क्यांच्या आसपास येतं. मरणाऱ्यांचं आणि मारणाऱ्यांचं सरासरी वयही विशीच्या अखेरीस किंवा तिशीच्या उंबरठ्यावर निघालं.

वयाचा हा एक निष्कर्ष निधीची सगळी दिशा फिरवतो. तोवर पैसा ओघाने शाळकरी मुलांकडे जात होता: शाळेनंतरचे वर्ग, उन्हाळी नोकऱ्या, खेळ. हे उपक्रम चांगलेच आहेत. पण चौदा वर्षांच्या मुलासाठी केलेला खर्च या वर्षीचा गोळीबार थांबवत नाही, कारण या वर्षी गोळी झाडणारा अठ्ठावीस वर्षांचा आहे, दोन वेळा तुरुंगात जाऊन आलाय आणि कुठल्याच वर्गाच्या हजेरीपटावर त्याचं नाव नाही.

आठवड्याची बैठक हा या पद्धतीचा कणा. गेल्या सात दिवसांतला प्रत्येक गोळीबार, कोणी जखमी झालं नसलं तरी, टेबलावर येतो. कोणावर झाला, कोणत्या गटाने केला असावा, आता बदला कोण घेईल आणि कोणावर? मग त्या नावांची वाटणी होते. कोणाच्या घरी पोलीस आणि पाद्री मिळून जाणार, कोणाला लाइफ कोच, म्हणजे सोबत राहून मार्ग दाखवणारा माणूस, गाठणार, कोणाच्या आईला नातेवाइकाकडे काही दिवस हलवावं लागेल. पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच, की गेल्या वेळच्या यादीतल्या कोणाकोणाला प्रत्यक्ष भेटलात. सबब चालत नाही. ज्या शहरात ही बैठक महिन्यावर गेली, तिथे बदला बैठकीच्या आधीच उरकलेला असतो.

दुसरा भाग कॉल-इनचा. प्रोबेशनवर किंवा पॅरोलवर, म्हणजे अटींवर बाहेर असलेल्या, गटांशी संबंध असलेल्या थोड्या तरुणांना एका सभागृहात बोलावलं जातं. मुलगा गमावलेली आई बोलते, स्वतः तुरुंग भोगून आलेला माणूस बोलतो, पोलीस आणि सरकारी वकील बोलतात. सगळ्यांचं सांगणं एकच: तुम्ही जिवंत राहावं आणि बाहेर राहावं असं आम्हाला वाटतं, मदत इथेच आहे, आजपासून, आणि तुमच्या गटाने गोळी चालवली तर कारवाई होणार, हेही खरं. मदतीचा हात इथे खोटा पडला तर सगळंच फसतं. सभागृहातून बाहेर पडताना ज्याने हो म्हटलं, त्याला कोचचा फोन एक-दोन दिवसांत यायलाच हवा. "जागा रिकामी झाली की कळवू" हे उत्तर गेलं, तर पुढच्या कॉल-इनला कोणी फिरकत नाही, कारण तो निरोप संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्यात पसरलेला असतो.

म्हणून लाइफ कोचवरचा खर्च हाच या निधीचा गाभा मानला पाहिजे. कोच बहुधा त्याच वस्तीतला, तसंच आयुष्य काढलेला. सुरुवातीच्या आठवड्यांत रोजची गाठभेट, कोर्टाच्या तारखेला सोबत, वाहन परवाना, ओळखपत्र, राहायची जागा, ठरलेली पायरी गाठली की थोडा भत्ता. एका कोचकडे डझन-दीड डझनापेक्षा जास्त माणसं दिली, की भेटीचे फोन होतात आणि फोनचे मेसेज. भत्त्यावरून राजकारण पेटतं, हे शेजारच्या रिचमंड शहराने पाहिलंय. तिथे 2007 मध्ये याच कामासाठी सुरू झालेल्या शहराच्या कार्यालयाने भत्त्याचा पैसा खाजगी देणग्यांतून उभा केला आणि बाकीचं काम शहराच्या पैशावर चालवलं. ही वाट इतरांनाही घेता येईल.

2019 मध्ये संशोधक ब्रागा आणि सहकाऱ्यांचं सीजफायरचं मूल्यमापन प्रसिद्ध झालं. कॅलिफोर्नियातल्या इतर 12 शहरांशी तुलना करून त्यांनी ओकलँडमधल्या बंदुकीच्या खुनांतली सुमारे 31 टक्के घट सीजफायरशी जोडली.

बिलं आणि कंत्राटं

शहर हे काम स्वतः फार थोडं करतं. बहुतेक काम कंत्राटाने संस्थांकडे जातं, आणि चांगल्या संस्था इथेच दमतात. बहुतेक सरकारी निधी परतफेडीच्या तत्त्वावर असतो: आधी खर्च करा, मग बिल लावा. वर्षाला 4 लाख डॉलरचं कंत्राट असलेली संस्था घ्या. महिन्याचा खर्च 33,000 च्या वर. जुलैचं बिल ऑगस्टच्या मध्याला जातं, तपासणी होऊन पैसे ऑक्टोबरच्या मध्याला येतात. तोवर संस्थेच्या खिशातून साडेतीन महिन्यांचे, म्हणजे सुमारे 1 लाख 17 हजार डॉलर गेलेले असतात. मोठ्या संस्थेकडे तेवढी शिल्लक असते. वस्तीतल्या पाच माणसांच्या संस्थेकडे नसते, आणि टोळीच्या पोरांचा विश्वास नेमका तिच्यावर असतो. उपाय साधा आहे. कंत्राटावर सही होताच 20 ते 25 टक्के आगाऊ द्यायचे आणि पुढच्या बिलांतून ते वळते करून घ्यायचे.

दुसरी खोच तारखेची. शहराचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं. कौन्सिलची मंजुरी, विम्याचे कागद, सह्या यांत कंत्राट सप्टेंबरवर गेलं, की उन्हाळ्यातले गोळीबाराचे सर्वांत वाईट आठवडे बिनपगारी किंवा बिनमाणसांचे जातात. नूतनीकरणाची फाईल मार्चमध्येच हलवली, तर हे टळतं.

तिसरी गोष्ट प्रशासकीय खर्चाची. भाडं, हिशेबनीस, विमा यांसाठी केंद्रीय अनुदानात, ज्या संस्थेने वेगळा दर ठरवून घेतलेला नाही तिला 10 टक्के सरसकट मिळत. ऑक्टोबर 2024 पासून ते 15 टक्के झाले. गोळीबाराच्या रात्री घटनास्थळी उभ्या राहणाऱ्या माणसाचा विमा महाग असतो. तो खर्च या टक्क्यांत बसला नाही, तर पगारातून कापला जातो, आणि मग चांगला माणूस वर्षभरात सोडून जातो. पार्श्वभूमी तपासणीच्या सरसकट अटीही तशाच घातक. गुन्ह्याची नोंद असलेल्याला कामावर घेऊ नका, असं छापील कंत्राटात राहून गेलं, तर या कामाला लायक निम्मी माणसं दारातच गळतात.

पातळ होत गेलेलं काम

2017 मध्ये कौन्सिलने स्वतंत्र हिंसाचार-प्रतिबंध विभाग स्थापन केला. तोवर कराचा हा हिस्सा मानवी सेवा विभागातून, ओकलँड युनाइट या नावाखाली वाटला जात होता. स्वतंत्र विभाग येणं ही प्रगतीच होती. त्याच्या कक्षेत कौटुंबिक हिंसा, लैंगिक शोषणासाठीची मानवी तस्करी, बळींच्या कुटुंबांचा आधार हेही आलं. ही सगळी दुःखं खरी आहेत आणि त्यांच्यासाठी पैसा हवाच. पण गंगाजळी तीच राहिली आणि ताटं वाढली, तेव्हा वाढप पातळ झालं.

मग 2020 ची साथ आली. सभागृहातले कॉल-इन बंद पडले. पार्किंग ओस पडलं, त्यामुळे अधिभाराचं उत्पन्नही आटलं. ज्या काळात गोळीबार वाढतो त्याच काळात आटणारा कर या कामाच्या मुळाशी असणं हा मोठा धोका आहे. चांगल्या वर्षांत राखीव निधी बाजूला टाकणं, हाच त्यावरचा उतारा.

जानेवारी 2024 मध्ये कौन्सिलपुढे आलेल्या परीक्षणाने दुखणं उघड केलं. ते कॅलिफोर्निया पार्टनरशिप फॉर सेफ कम्युनिटीजने केलं होतं, म्हणजे ही पद्धत ओकलँडमध्ये बसवायला मदत करणाऱ्यांनीच. सीजफायर कोणी औपचारिकपणे बंद केलं नव्हतं. नाव होतं, तरतूद होती, कर्मचारी होते. पोलिसांचं सीजफायर पथक इतर गुन्ह्यांच्या कामात ओढलं गेलं होतं. प्रतिबंध विभागाचं लक्ष सर्वाधिक जोखमीच्या माणसांवरून हललं होतं. सीजफायरच्या यादीतून कोचकडे जाणाऱ्यांचा ओघ आटला होता. अशा वेळी अहवाल मात्र निर्दोष दिसतात: इतक्यांना सेवा दिली, इतके तास समुपदेशन झालं, निधी शंभर टक्के खर्च. आकडे खोटे नसतात. सेवा घेणाऱ्यांत गोळी झाडण्याच्या किंवा खाण्याच्या बेतात असलेले किती, हा रकाना फॉर्ममध्ये नसतो, एवढंच. संस्थेला ठरावीक संख्या भरायची असते, आणि अठ्ठावीस वर्षांच्या धोकादायक तरुणापेक्षा आपणहून दारात येणारा मुलगा मिळणं कितीतरी सोपं असतं.

तेव्हा कंत्राटात मोजायचं ते हे: कोचकडे आलेल्यांपैकी किती जण साप्ताहिक बैठकीच्या यादीतले होते, नाव सुचवल्यापासून पहिल्या भेटीपर्यंत किती दिवस गेले, पहिल्या महिन्यात प्रत्यक्ष भेटी किती झाल्या. संख्येचं उद्दिष्ट कमी ठेवा आणि यादीतल्यांचं प्रमाण वरचं धरा. यादीतली नावं संस्थेला कळतात, पण संस्थेला माणसाने सांगितलेलं पोलिसांकडे जात नाही, ही भिंत कंत्राटात लेखी हवी. ती ढासळली की कोचला रस्त्यावर कोणी उभं करत नाही, आणि त्याच्या जिवालाही धोका होतो.

परीक्षणानंतर शहराने मूळ आराखड्याकडे परतायचं ठरवलं आणि 2024 मध्ये काम पुन्हा त्या मोजक्या माणसांभोवती बांधायला घेतलं.

बाहेरचा पैसा आणि पुढचा कर

शहराच्या कराला वरून दोन पन्हळी जोडलेल्या आहेत. हिंसाचार-प्रतिबंधासाठीचा राज्याचा कॅलव्हिप निधी मिळवणाऱ्या शहराला किमान निम्मं अनुदान पोलिसी काम न करणाऱ्या संस्थांना द्यावंच लागतं. मेजर झेडच्या 40 टक्क्यांच्या तुलनेत ही अट जास्त ठाम आहे. जुलै 2024 पासून कॅलिफोर्नियात बंदुका आणि काडतुसांच्या विक्रीवर 11 टक्के अबकारी कर लागू झाला आणि त्यातले पहिले साडेसात कोटी डॉलर कॅलव्हिपसाठी राखले गेले. ही व्यवस्था आम्हाला पसंत आहे: वर्षागणिक विधिमंडळाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

केंद्राचा पैसा याच्या उलट. जून 2022 च्या बायपार्टिझन सेफर कम्युनिटीज कायद्याने समाजातल्या हिंसाचार-प्रतिबंधासाठी पाच वर्षांत 25 कोटी डॉलर ठेवले. 2021 च्या कोविड साथीतल्या केंद्रीय मदतीचा पैसाही अनेक शहरांनी या कामाला लावला, पण तो 2024 अखेर बांधील करून 2026 अखेर संपवायचा होता. आणि एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय न्याय खात्याने मध्येच साडेतीनशेहून अधिक अनुदानं रद्द केली. त्यांची मूळ मंजूर रक्कम 80 कोटी डॉलरच्या घरात होती. कागदावर तीन वर्षांची असलेली कामं एका पत्राने थांबली. ज्या माणसाला कोचने सहा महिने लावून जोडलं, त्याला पुढच्या सोमवारी फोन उचलणारं कोणी नसणं, ही केवळ सेवा थांबणं नव्हे; तो दुसऱ्यांदा हात पुढे करत नाही. म्हणून कोच आणि प्रत्यक्ष फिरणाऱ्यांचे पगार स्थानिक करातून द्यावेत आणि प्रशिक्षण, मूल्यमापन, माहितीची यंत्रणा, एखादा नवा प्रयोग हे खर्च केंद्रीय अनुदानातून करावेत. ते मध्येच थांबले तर नुकसान होतं, पण गाठ तुटत नाही.

मेजर झेडची मुदत 2024 अखेर संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये मतदारांनी त्याच्या जागी मेजर एनएन आणला: एका कुटुंबाच्या घराला वर्षाला 198 डॉलर, म्हणजे आधीपेक्षा बराच जास्त, पार्किंगवर 10 टक्के, मुदत 9 वर्षं. देखरेखीला नवा आयोग आणि चार-चार वर्षांचा खर्चाचा आराखडा आला, हे चांगलं झालं. चार वर्षांची हमी असली तर संस्थेला कायम माणसं नेमता येतात. पोलीससंख्येची अट मात्र इथेही आहे, यावेळी 700 ची. आयोगापुढे आराखडा येईल तेव्हा आधी दोन गोष्टी पाहाव्यात: पोलिसांची संख्या 700 च्या खाली घसरली तर कोचचे पगार कशातून निघतील, आणि साप्ताहिक बैठकीच्या यादीतल्या माणसांसाठी किती जागा राखून ठेवल्या आहेत.